उंबरठ्यावरचा चढाईपटू

क्रिकेटच्या खेळपट्टीला तमिळमध्ये 'आडुकळम्' म्हणतात. शब्द नवा नाही, सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्यातल्या 'आडु' या धातूचं पोट मोठं आहे. नाचणं, खेळणं, नदीत डुंबणं, सगळं त्यात मावतं. 'कुरुंतोगै' या संगमकालीन संग्रहातली ३१वी कविता आदिमंदी नावाच्या बाईची मानली जाते. हरवलेल्या माणसाला ती गर्दीगर्दीत शोधते आहे, वीरांच्या जत्रेत आणि बायकांच्या फेरातही. बांगड्या हातात राहत नाहीत इतकी ती खंगली आहे. पण तशाही अवस्थेत ती एक गोष्ट सांगायला विसरत नाही. तो आडुकळम्‌चा माणूस, तशी आपणही आडुकळम्‌चीच.

तो म्हणजे आट्टनत्ती. देखणा, नाचात आणि पाण्यात तरबेज. कावेरीला नवं पाणी आलं की काठावर उत्सव व्हायचा. कळारच्या घाटावर अशाच एका उत्सवात नदीने त्याला ओढून नेलं. परणर कवीच्या मते नदीलाच त्याचा मोह पडला होता. परंपरा आदिमंदीला करिकाल चोळाची लेक मानते. कावेरीवरच्या कल्लणै बांधाचं श्रेय याच राजाला दिलं जातं. लेकीला मात्र बापाच्या बांधाचा काही उपयोग झाला नाही.

ही जुनी गोष्ट काढायचं कारण सांगतो. माझ्याकडे नव्या लेखकांच्या कादंबरिका वाचायला येतात आणि त्यांत एक कथानक हटकून असतं. कॉलेजचा स्टार खेळाडू, मागे मुलींची रांग, बुडाखाली बुलेट. नुकतंच मन मोडलेली, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी नायिका. मग पैज, पाऊस, गैरसमज, आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना आणि मैदानाच्या मधोमध मिठी. कथानक वाईट नाही. वाचकांना आवडतं, मलाही आवडतं. अडचण अशी की या कथा कुठेच घडत नाहीत. कॉलेजात लॉकर असतात, सामन्याला चीअरलीडर असतात, आणि मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर नसते! घामाला वास नसतो आणि मुलीच्या दुःखाला मुदत नसते. ते पान ४०वर असतं आणि ४५वर त्याच्या एका हास्याने संपतं.

यंदा तुमच्यापैकी कुणी असं काही लिहायला घेणार असेल तर माझं ऐका, कथा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात न्या. तंजावर, तिरुवैयारु, कुंभकोणम, मन्नारगुडी आणि त्यांच्या मधली भाताची गावं. मराठी लेखकाला हा मुलूख परका नाही. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजे तिथे गेले आणि १८५५पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही भिंतीवर वाचता येतो. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलणारी कुटुंबं तिथे अजून आहेत. त्यांच्यातल्या देशस्थांना शेजारीपाजारी 'रायर' म्हणून ओळखतात. तुमची नायिका अशा घरातली असू शकते.

पण तिकडे जा म्हणायचं खरं कारण आणखी जुनं आहे. चार ठिकाणी मन गुंतवणारा पुरुष आणि त्याच्यावर रुसलेली बाई या विषयाचा सातबाराच त्या मातीच्या नावावर आहे. जुन्या तमिळ काव्यशास्त्राने भूमीचे पाच प्रकार केले आणि प्रत्येकीला प्रेमाची एकेक अवस्था वाटून दिली. डोंगराला मीलन, वनाला वाट पाहणं, समुद्रकाठाला झुरणं, रखरखीत ओसाडीला ताटातूट. नदीकाठच्या भातशेतीच्या सखल मुलखाचं नाव मरुदम्, आणि त्याच्या वाट्याला आलं 'ऊडल्'. मराठीत जवळचा शब्द रुसवा, पण ऊडल् गजरा आणला नाही म्हणून धरलेला नसतो. नायक बाहेरून आलेला असतो, दुसऱ्या घरून, म्हणून धरलेला असतो. त्या कवितांत नायकाला नावसुद्धा नाही. तो फक्त 'ऊरन्', म्हणजे गावचा गडी. असं याच जमिनीला का नेमून दिलं असेल? माझा तर्क साधा आहे. जिथे पाणी वेळेवर येतं, पीक भरघोस येतं आणि दुपार मोकळी असते, तिथे पुरुषांना असले उद्योग सुचतात. आपल्या गोदाकाठच्या 'गाथासप्तशती'त गावच्या मुखियाचा पोरगा काय वेगळं करतो?

आता कामाचं. सगळ्यात आधी नदीचं वेळापत्रक भिंतीवर लावा, कारण तिथे कॉलेजचं वर्ष आणि पाण्याचं वर्ष एकत्रच सुरू होतं. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची ठरलेली तारीख १२ जून. तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोचतं आणि तिथून कालव्यांत फुटतं. कुरुवै या आखूड हंगामाची लावणी सुरू होते. आडी या तमिळ महिन्याच्या १८व्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला, बायका नदीवर जाऊन नव्या पाण्याची पूजा करतात, चित्रान्नाचे डबे उघडतात, गळ्यातला पिवळा दोरा बदलतात. आदिमंदीचा माणूस ज्या उत्सवात वाहून गेला त्याचं आजचं रूप हेच असावं असं मला वाटतं. त्यानंतर सांबा हे मोठं पीक, ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस, जानेवारीत कापणी आणि पोंगल. गावोगावच्या कबड्डी स्पर्धा पोंगलच्या आसपास भरतात. पाणी वेळेवर येतंच असं नाही. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं १२ जूनची तारीख हुकली, २०२४मध्येही दरवाजे जुलैअखेर उघडले. कालव्याच्या शेपटाकडच्या गावातला मुलगा अशा वर्षी कॉलेजची फी कशी भरतो, हा प्रश्न तुमच्या दिलफेक नायकाला विचारून पाहा. तो पानावर लगेच माणूस होईल.

मरुदम्‌ची ठरलेली वेळ पहाटेची. रात्र बाहेर काढून नायक चोरपावलांनी परततो ती वेळ. तुमच्या सोयीची गोष्ट अशी की खेळाडू पळायला निघतो तेही त्याच वेळी. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, घरोघरच्या मुली अंधारातच अंगणात पाणी मारून मोठमोठी कोलम, म्हणजे पिठाच्या रांगोळ्या, काढतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात, देवळातल्या कर्ण्यावर तिरुप्पावैची भक्तिगीतं लागलेली असतात. गल्लीच्या टोकाकडून पावलांचा आवाज येतो आहे. तो पळून येतो आहे की कुठून तरी परत येतो आहे, हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं पाहिजे. एवढं जमलं तर तुमचं पहिलं प्रकरण झालं.

खेळ कबड्डीच घ्या. क्रिकेट घेऊ नका, त्यात नायकाला छान दिसण्यासाठी फार वेळ मिळतो. तमिळमध्ये कबड्डीचं जुनं नाव सडुगुडु, आपल्याकडे हुतूतू. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३मध्ये नियम बांधून स्पर्धा घेतल्या आणि १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला प्रात्यक्षिक दाखवलं. म्हणजे खेळाच्या बाबतीतही तुम्ही तिथे पाहुणे नाही. (बडोद्याचे दिवाण टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे मराठी. त्यांचा आणि हुतूतूचा काही संबंध नाही, पण तुमच्या नायिकेच्या आजोबांना तो जोडायचा असेल तर जोडू द्या, आजोबा असतात तसे.) मन्नारगुडीजवळचं वडुवूर पक्ष्यांसाठी आणि कबड्डीसाठी प्रसिद्ध आहे. २०२५मध्ये बहारीनला आशियाई युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या मुलांच्या संघात तिथला एक मुलगा होता. अशा गावात एक सकाळ बसा आणि सराव बघा. कोपरारक्षक घोटा कसा धरतो, मातीत पडल्यावर कोपर कुठे सोलपटतं, दम घेताना ओठ कसे हलतात. चढाई ३० सेकंदांची असते. कुणाला न शिवता आणि निदान रेषा न ओलांडता परतलं तर चढाईपटू बाद. दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. या नियमांत प्रेमाची उपमा उघडीवाघडी पडलेली आहे, आणि म्हणूनच ती वापरू नका. फार तर एकदा. दर प्रकरणात 'तिच्या मनाची निदान रेषा' यायला लागली की वाचक लोण देऊन निघून जाईल.

त्याच्या खेळाला पोटाची बाजू द्या. तमिळनाडूत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी तीन टक्के जागा राखीव असतात. पोलिसांचे, बँकांचे संघ असतात. डेल्टातल्या मुलाला कबड्डी म्हणजे शेताबाहेर पडायचा दरवाजा असतो आणि तो दरवाजा गुडघ्याच्या एका लिगामेंटवर टांगलेला असतो. ते तुटलं तर शस्त्रक्रिया, सहा ते नऊ महिने बाहेर, कधी त्याहून जास्त. कादंबऱ्यांत नायकाला दुखापत होते ती नायिकेने उशाशी बसावं म्हणून. तुम्ही ती नोकरी जावी म्हणून करा.

मग तो दिलफेक आहे म्हणजे नेमका कसा आहे? इथे आपलं जुनं नाट्यशास्त्र हाताशी आहे, फुकट. त्यात नायकाचे चार प्रकार. अनुकूल, म्हणजे एकीचाच. दक्षिण, म्हणजे अनेकींचा, पण प्रत्येकीशी मनापासून गोड. शठ, म्हणजे समोर गोड आणि पाठीमागे खोटा. धृष्ट, म्हणजे मानेवर ओरखडा घेऊन येतो आणि वर विचारतो, काय झालं? आमच्या हस्तलिखितांतले बहुतेक हीरो लेखकाला दक्षिण वाटत असतात आणि वाचणाऱ्याला शठ दिसतात. लिहायच्या आधी एका कागदावर ठरवून टाका. दक्षिण असेल तर त्याच्या जुन्या मैत्रिणी त्याच्याशी अजून हसून बोलतील, एखादी त्याची वहीही पुरी करून देईल. शठ असेल तर त्याचा फोन नेहमी उपडा ठेवलेला असेल. धृष्टाला नायक करू नका असं म्हणत नाही, पण तो विनोदाच्या अंगाने जातो, आणि विनोद करणाऱ्या माणसाला माफ करायला बाईला जास्त वेळ लागतो. शठाचा अनुकूल होतो का? कथेत होतो. पण एका सामन्यात होत नाही.

आता तिच्याकडे. तमिळ मुलं मन मोडण्याला 'लव्ह फेल्युअर' म्हणतात, जणू एखादा पेपर राहिला. २०११मध्ये गाजलेल्या एका गाण्यापासून अशा मुलांना 'सूप बॉय' असंही नाव पडलं. मुलींसाठी असा शब्द तितकासा रुजला नाही. मुलगा दाढी वाढवून चहाच्या टपरीवर बसू शकतो. मुलीने तसं बसायचं कुठे? तिचं फेल्युअर घरात कुणाला कळता कामा नये, कारण कळलं तर आधी कॉलेज बंद होईल. ही कोंडी तुमच्या कादंबरीचं निम्मं भांडवल आहे आणि बहुतेक लेखक ती 'ती उदास होती' या तीन शब्दांत उधळून टाकतात. तिला उदास करू नका, व्यग्र करा. आधीच्या मुलाचा नंबर तिने पुसला आहे, पण तो तिला पाठ आहे. ती बस बदलते, कारण त्या बसमध्ये तो चढायचा.

आणि तिला तिचं आडुकळम् द्या. आदिमंदीचा सगळा मोठेपणा त्यात आहे. ती कुणा नाचणाऱ्याची नुसती बायको नाही, ती स्वतः त्याच मैदानातली आहे. तुमची नायिका कबड्डीच खेळायला हवी असं नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, दरबाराचे खर्च, हिशेब, अर्ज. ते वाचू शकणारी माणसं आज फार थोडी. घरी मराठी बोलणारी, पण मराठी वाचायला कष्ट पडणारी मुलगी मोडी शिकायला लागते, एकेका शिरोरेघेत अडकलेलं अक्षर सोडवते. तिच्याजवळ मग असं काही असतं जे त्याला येत नाही, आणि ज्यासाठी टाळ्या वाजत नाहीत. तो पहिल्यांदा तिच्या शेजारी बसेल तेव्हा त्याला कंटाळा येऊ द्या. कंटाळूनही तो उठला नाही, तर वाचकाला काही सांगावं लागणार नाही.

मुख्य गोष्ट यानंतर येते, आणि त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. तो चुकतो, तिला कळतं, तो माफी मागायला येतो. मरुदम्‌च्या कवितांमध्ये या प्रसंगाला स्वतंत्र नाव आहे, 'वायिल् मरुत्तल्'. 'वायिल्' म्हणजे दार, आणि दारात रदबदलीला आलेला दूतही. 'मरुत्तल्' म्हणजे नाकारणं. नायक स्वतः येत नाही, आधी पाणन् नावाचा गाणारा भाट पाठवतो. नायिकेची सखी दारातच त्याला फटकारते. मग दुसरा कुणी येतो. कधी लहान मुलगा मधे येतो. किती कविता अशा उंबरठ्यावर उभ्या आहेत. कवींना ठाऊक होतं की प्रेमकथेतली सगळ्यात भरलेली जागा मिठी नसते, बंद दार असतं. आमचे लेखक नेमकी हीच जागा दोन ओळींत उरकतात.

तेव्हा दाराचं दृश्य सावकाश लिहा, आणि एकदा लिहून थांबू नका. आजचा पाणन् कोण असेल? संघातला मित्र, जो व्हॉट्सअॅपवर 'तो जेवत नाहीये' असा निरोप आणतो. सखी कोण? वसतिगृहातली खोलीसोबतीण, जी त्याला सांगते की जेवत नसेल तर मेसचे पैसे परत माग. सखीला जीभ द्या. नायिका गप्प राहू शकते, कारण सखी बोलते आहे. तिघांमध्ये हे बोलणं वाटलं गेलं की नायिकेला रडत भाषण करावं लागत नाही आणि नायकाला गुडघे टेकावे लागत नाहीत, तेही लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर.

रुसवा किती पानं चालावा, हा प्रश्न मला लेखक नेहमी विचारतात. तमिळमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत. पुलवि हा हलका, ऊडल् मधला, तुनि टोकाचा. तुमच्या नायकाचा गुन्हा कोणत्या पायरीचा आहे ते आधी ठरवा. सामन्यानंतर दुसरीच्या स्कूटरवर बसून गेला, हा पुलविचा. जुन्या मैत्रिणीबद्दल खोटं बोलला, हा ऊडल्‌चा. तिच्याशी बोलण्यामागे मित्रांशी लावलेली पैज होती, हा तुनिचा, आणि तुनि एका प्रकरणात मिटवलात तर वाचक तुमच्यावरच रुसेल. वळ्ळुवरांच्या 'तिरुक्कुरळ' या नीतिग्रंथाचे १३३ अध्याय आहेत आणि धर्म, राजनीती सगळं सांगून झाल्यावर हा ग्रंथ संपतो तो रुसव्यावर. शेवटचे तीनही अध्याय त्याचेच. वळ्ळुवर प्रमाण सांगताना मिठाचा दाखला देतात. स्वयंपाक करणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. फक्त एक ध्यानात ठेवा. वळ्ळुवरांचा रुसवा दोघांना एकमेकांची खात्री असल्यावरचा आहे. तुमच्या नायिकेला आधीच एकदा दगा झालेला आहे, तिच्या जिभेवर मीठ अगोदरच आहे.

तिसऱ्या बाईचं काय करायचं? आमच्याकडच्या कादंबरिकांत ती लाल लिपस्टिक लावते आणि कपट करते. जुन्या लोकांनी तिला याहून बरं वागवलं. कुरुंतोगैत अशीही कविता आहे जिच्यात दुसरी बाईच बोलते आहे. आमच्याकडे मोठ्या बाता मारतो आणि घरी बायकोपुढे आरशातल्या प्रतिमेसारखा हालतो, अशी ती नायकाची टर उडवते. 'शिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्यात कावेरीच्या मुखाशी वसलेल्या पुहार नगरीत कोवलन् आपल्या बायकोला, कण्णगीला, सोडून गणिका माधवीकडे जातो. तिथेही माधवी खलनायिका नाही. समुद्रकाठी एकमेकांच्या गाण्याचा चुकीचा अर्थ काढून दोघं तुटतात. तो परत आल्यावर कण्णगीला वाटतं त्याला पैसे हवे असतील, आणि ती आपले पैंजण पुढे करते. असा एक प्रसंग सुचला तर पाच प्रकरणं वाचतील.

आदिमंदीच्या गोष्टीतही तिसरी आहे. 'अकनानूरु' या दुसऱ्या संगमकालीन संग्रहातल्या एका कवितेत मरुदी नावाची स्त्री तिला आट्टनत्ती दाखवून देते आणि स्वतः समुद्रात जाते. पुढे कण्णगीच्या तोंडी हीच कथा येते तेव्हा मरुदी त्यातून गायब आहे. समुद्रच त्याला आणून उभा करतो. काळ जसा पुढे गेला तशी कुणीतरी ती नको असलेली बाई खोडून टाकली असं मला दर वेळी वाटतं. तुमच्या कादंबरीत ती खोडू नका.

तिला न खोडण्याचं सगळ्यात धीट उदाहरण खुद्द तंजावरच्या मराठी दरबारातलं आहे. प्रतापसिंह भोसल्यांच्या काळात, १७३९ ते १७६३च्या दरम्यान, दरबारातली गणिका मुद्दुपळनी हिने तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' लिहिलं. राधा स्वतः वाढवलेल्या इलाचं कृष्णाशी लग्न लावून देते, दोघांना शहाणपण शिकवते आणि मग तिला ते सोसवत नाही. कृष्णाला येऊन तिची समजूत काढावी लागते. जगातला सगळ्यात लाडका दिलफेक, आणि काव्याच्या नावात मात्र सांत्वन तिचं. १९१०मध्ये बंगळूर नागरत्नम्मा यांनी ते पूर्ण छापून काढलं, तर ब्रिटिश सरकारने अश्लील ठरवून जप्त केलं. बंदी उठायला कित्येक वर्षं जावी लागली. याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारुला कावेरीकाठी संगीतकार त्यागराजांचं समाधिमंदिर उभारलं. तुमची जोडी तिथल्या घाटावर बसणार असेल, तर पाठीमागे काय आहे ते तुम्हाला माहीत असू द्या. त्यांना माहीत नसलं तरी चालेल.

भाषेची एक अडचण आधीच सोडवून ठेवा. तिकडे मुलगी वरच्या वर्गातल्या मुलाला 'अण्णा' म्हणते. हा तिचा संकोचही असतो आणि कुंपणही. ज्या दिवशी ती 'अण्णा' म्हणायचं टाळून नुसतंच बोलायला लागते, त्या दिवशी सगळ्या वर्गाचे कान टवकारतात. प्रेमाची कबुली त्या गाळलेल्या शब्दात होऊन गेलेली असते. मराठीत याला 'दादा' करू नका, 'अण्णा'च ठेवा, आपल्याला तो ओळखीचा आहे. मुलं आपसात 'मच्चान' म्हणतात, मूळ अर्थ मेहुणा, आणि 'डा' लावून बोलतात. 'डी' लावून बोलायचा हक्क मैत्रिणींना असतो, त्याला तो मिळवावा लागतो. घरातल्या बोलीसाठी मात्र स्वतः जाऊन कान द्या. तंजावरी मराठीला तिची स्वतःची चाल आहे, तमिळ-कानडीच्या शेजारात घडलेली. पुण्याची मराठी मोडून-तोडून ती तयार होत नाही.

भेटायच्या जागा खऱ्या ठेवा. तंजावरचं कुंदवै नाच्चियार महाविद्यालय मुलींचं, त्यामुळे तिथली नायिका आणि राजा सरफोजी महाविद्यालयाचा नायक एका वर्गात भेटणार नाहीत. ते बसस्टँडवर भेटतील. २०२१पासून साध्या सरकारी टाउन बसमध्ये बायकांना तिकीट नाही, आणि सरकारी शाळेत शिकून पुढे आलेल्या मुलींना २०२२पासून महिन्याला हजार रुपये थेट खात्यात मिळतात. बापाकडे हात न पसरता एक मुलगी दोन थांबे पुढे जाऊन उतरू शकते. अशा गोष्टींनी प्रेमकथा शक्य होतात, चंद्राने नाही.

आणि जात. गावातला संघ पुष्कळदा गल्लीचा असतो आणि गल्ली जातीची. मैदानावर एकमेकांच्या हातात हात गुंफून साखळी करणारी मुलं संध्याकाळी वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी जातात. तुमच्या नायकाचं आडनाव लिहायची गरज नाही, तिकडे बहुतेक आडनावं लावतही नाहीत. पण तो कोणत्या रस्त्याने घरी गेला ते लिहा. तिच्या घरच्यांना कळलं तर नुसता अबोला धरला जाईल की आणखी काही होईल, हे त्या रस्त्यावरून ठरतं. हे टाळून डेल्टात प्रेमकथा लिहिता येते, पण मग ती पुन्हा त्या लॉकरवाल्या कॉलेजात जाऊन पडते.

अंतिम सामना हवाच असेल तर ठेवा, वाचक त्यासाठी पैसे देतो. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, मधे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत तिला मैदानाकडे धावायला लावू नका. तिची मोडीची परीक्षा त्याच दिवशी ठेवा आणि सामन्याचा निकाल तिला बसमध्ये कंडक्टरकडून कळू द्या. माफीचं दृश्य सामन्यानंतर काही दिवसांनी, मार्गळीतल्या पहाटे. तो पळत येतो आहे, गुडघ्याला पट्टा आहे, म्हणून पावलं एकसारखी पडत नाहीत आणि तिला लांबूनच ओळखू येतात. अंगणभर तांदळाच्या पिठाचं ओलं कोलम आहे, अगदी उंबऱ्यापर्यंत. दार उघडं ठेवायचं की लावायचं ते तिला शेवटच्या ओळीपर्यंत ठरवू द्या. तुम्ही फक्त लिहायला बसण्याआधी कागदावर ते कोलम ठिपक्यांसकट काढून बघा, आणि एकाही रेषेवर पाय न देता त्याला उभं राहायला जागा उरते का, ते मोजून ठेवा.